लव्हॉनचा शेवटचा मैल

आर्लिस हॉगनला पॉलेटच्या काठ्या आवडत नव्हत्या. माणूस आवडत नाही असं उघड म्हणायची त्या भागात पद्धत नाही, म्हणून काठ्या.

जांभळ्या, घडीच्या, वजनाला पिसासारख्या. पॉलेट त्या टेकत चालायला लागली की खडकावर टकटक व्हायची, आणि ती टकटक रांगेच्या पार शेवटापर्यंत, जिथे आर्लिस चालत असे तिथवर यायची. थोड्याच दिवसांत ती दुप्पट झाली. लव्हॉननेही तसल्याच जांभळ्या काठ्या घेतल्या. आर्लिसने तासून, तेल पाजून दिलेली जुनी काठी कुठे गेली, हे आर्लिसने विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

रांगेच्या शेवटी चालणं हे आर्लिसचं काम. डुलुथच्या त्यांच्या चालणाऱ्या मंडळात तिला ‘शेपूट’ म्हणत. पुढे नकाशा घेऊन आयनर, मागे औषधांची पिशवी घेऊन आर्लिस, आणि शेपटाच्या मागे कुणीही राहायचं नाही, झाडाआड गेलेला माणूससुद्धा नाही, असा नियम. सुपीरियर सरोवराच्या काठाने, डोंगराच्या धारेवरून तीनशे मैल जाणारी ती पायवाट मंडळातले लोक शनिवार-शनिवार करून तुकड्यातुकड्यांनी पुरी करत. लव्हॉन नवरा, हेन्रिक, गेल्यावर चालायला लागली. तेव्हा तिची चाल संथ होती आणि रडू कधी येईल याचा नेम नसे, म्हणून ती शेपटाला धरून राही. पुढे रडू थांबलं, चाल सुधारली, तरी ती मागेच राहिली. आर्लिसने त्याचा आपल्या सोयीचा अर्थ लावून घेतला होता.

मग या वसंतात आर्लिसचा खुबा बदलला. उन्हाळाभर चालायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. लव्हॉनचे कॅनडाच्या हद्दीजवळचे लांबलांबचे तुकडे राहिले होते, ते तिने त्या उन्हाळ्यात पॉलेटबरोबर केले. पॉलेट न्यू जर्सीची. लेकीच्या बाळंतपणाला म्हणून आली ती डुलुथलाच राहिली. आर्लिस खिडकीशी पाय वर करून बसलेली असायची आणि लव्हॉन तिला फोटो पाठवायची. आधी धबधबा, मग धबधबा आणि पॉलेट, मग नुसतीच पॉलेट.

ऑगस्ट सरताना आर्लिस मंडळात परतली तेव्हा लव्हॉनच्या गाडीतली पुढची जागा गेलेली होती. मागे बसलं की मला मळमळतं, असं पॉलेटने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं म्हणे. मळमळायचं आर्लिसलाही. तिने काच थोडी खाली केली आणि तीस वर्षं शेजारी राहिलेल्या लव्हॉनच्या मानेमागचे केस बघत बसली.

सप्टेंबरात घात झाला तो त्याच गाडीत.

मंडळात रिवाज असा, की पायवाट पुरी करणाऱ्याने शेवटचा मैल एकाच सोबत्याबरोबर चालायचा. बाकीच्यांनी लांब मागे रेंगाळायचं. सोबती कोण, हे ज्याने त्याने ठरवायचं, आणि त्यावरून कोण कुणाचं काय लागतं हे सगळ्यांना कळायचं. आयनरने बायकोला सोडून भावाला घेतलं होतं, ते अजून त्याच्या घरात निघतं. तर लव्हॉनने आरशातून मागे बघत विचारलं, शेवटच्या मैलाला तू येशील ना? आर्लिसच्या छातीत काहीतरी फुलून आलं, आणि ती म्हणाली, छे गं, दुसरं कुणीतरी घे, मला शेपूट सांभाळायचंय.

आता हे ‘छे’ म्हणजे काय, ते त्या उत्तरेकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. तिथे कॉफीसुद्धा पहिल्या विचारण्यावर कुणी घेत नाही. पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा ‘उगाच कशाला’ म्हणायचं, तिसऱ्यांदा विचारलं की ‘बरं, अर्धा कप’ म्हणून कप पुढे करायचा. लव्हॉन दुसऱ्यांदा विचारणार, इतक्यात पुढच्या जागेवरून पॉलेट म्हणाली, “मग मी येते की!”

लव्हॉन क्षणभर रस्त्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, बरं.

तेव्हापासून आर्लिस ते ‘बरं’ उलटून पालटून बघत होती. घासायच्या भांड्यात बघत होती, झोपताना बघत होती. नवरा म्हणाला, साधी गोष्ट आहे, फोन करून सांग की मला यायचंय. आर्लिसने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो गॅरेजमध्ये जाऊन बर्फातल्या मासेमारीचं सामान आवरायला लागला.

डिसेंबरचा पहिला शनिवार उजाडला. हरणांच्या शिकारीचा मोठा धडाका सरला असला, तरी रानात अजून चुकार बंदुका होत्या, म्हणून सगळ्यांनी अंगात नारिंगी बंड्या घातलेल्या. आयनरने आजचा बेत किल्ल्यांचा ठेवला होता. अर्ध्या लोकांनी त्याच्या गाडीने दक्षिणेच्या टोकाला जायचं, अर्ध्यांनी दुसऱ्या गाडीने उत्तरेच्या, आणि एकमेकांकडे चालत यायचं. मध्यावर जेवायचं, गाड्यांच्या किल्ल्या बदलायच्या आणि पुढे निघायचं. म्हणजे ज्याला त्याला टोकाला गाडी तयार. लव्हॉनची पायवाट उत्तरेच्या टोकाला पुरी व्हायची होती. अर्थात ती दक्षिणेकडून येणार, पॉलेट तिच्याबरोबर. आर्लिसने आपण होऊन उत्तरेकडून उलटं यायचं पत्करलं. माझी व्हॅन मोठी आहे, ती तिकडे ठेवते, म्हणाली. आयनरने तिला दोनदा विचारलं, की तुला लव्हॉनबरोबर नाही का यायचं. तिसऱ्यांदा विचारलं नाही. तिसऱ्यांदा न विचारणारेच सगळे निघाले, असं आर्लिसला वाटलं.

व्हॅनमध्ये मागे तिने लव्हॉनसाठी केलेल्या लिंबाच्या वड्यांचा डबा होता. दोन दिवस खपून केलेल्या. रुसलेल्या माणसाने एवढं करू नये, पण हात ऐकत नाहीत.

मध्यावर, उघड्या खडकावर, दोन्ही टोळ्या भेटल्या. खाली सरोवर शिशासारखं पसरलेलं, वर बारीक बर्फ भुरभुरत होतं. आर्लिस आपलं सँडविच घेऊन लांबच्या ओंडक्यावर बसली आणि तिथून तिला नको ते सगळं नीट दिसत होतं. पॉलेटच्या थर्मासच्या झाकणातून लव्हॉन सूप पीत होती. लव्हॉनच्या बुटांना पॉलेटचे बर्फातले काटे लावलेले. लव्हॉन हसता हसता पुढे वाकली आणि तिने पॉलेटच्या गुडघ्यावर हात टेकला. तो हात किती वेळ टेकला होता हे आर्लिसने बघितलं नाही, असं ती स्वतःला सांगत होती.

लव्हॉनने हाक मारली, इकडे ये ना, सूप आहे. आर्लिस म्हणाली, नको, थंडी वाजायला लागली, आम्ही निघतोच. आणि खरंच निघाली. तिच्याबरोबरचा डेल नुर्मी अर्धं सफरचंद तोंडात धरून पिशवीचे बंद आवळत मागोमाग धावला, आणखी दोघं त्याच्या मागे. आयनर तेव्हा झाडाआड होता.

शेपूट त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांच्या पुढे चालत होतं, आणि बरंच भराभरा.

मैलभर गेल्यावर नाक पुसायला तिने खिशात हात घातला, तर रुमालाआधी किल्ली हाताला लागली. आपलीच. व्हॅनची.

पुढची काही पावलं आर्लिस फार आनंदात चालली. हे नंतर तिने कुणाला सांगितलं नाही. तिला दिसत होतं, की सरोवरावरून बोचरा वारा सुटलाय आणि पॉलेट बंद व्हॅनचं एकेक दार ओढून बघतेय, जांभळ्या काठ्या काखेत मारून. काचेतून वड्यांचा डबा दिसतोय. अजून एकदा ओढ गं बाई, तो तिकडचा दरवाजा राहिला. मग त्या चित्रात व्हॅनच्या आडून लव्हॉन आली. घामाने पाठ ओली, ओठ निळे, तीनशे मैल पुरे करून आलेली, आणि टेकायला जागा नाही. आर्लिस थांबली.

डेलने ऐकून घेतलं, स्वतःचे खिसे चाचपले आणि शांतपणे म्हणाला, की म्हणजे आयनरच्या गाडीची किल्लीही आपल्याकडे नाही. फोनला तिथे रेंज नव्हती. डेल म्हणाला, मी येतो तुझ्याबरोबर. आर्लिस म्हणाली, नको. तो म्हणाला, एकटीने जाऊ नये. ती म्हणाली, वाट ओळखीची आहे. तो म्हणाला, नवा खुबा आहे तुझा. ती म्हणाली, म्हणून तर तो जुन्यापेक्षा चांगला चालतो. एवढं रीतसर झाल्यावर डेल थांबला. इथेच शेकोटी करून बसतो, म्हणाला.

आर्लिस उलटी फिरली. जेवणाचा खडक गेला. तिथे बर्फावर सगळ्यांची पावलं एकमेकांत मिसळलेली होती आणि मग जांभळ्या काठ्यांची भोकं जोडीजोडीने उत्तरेला गेलेली. ती भोकांवर भोकं, आपल्या पावलांनी बुजवत चालली. तिला माहीत होतं, की कुणीतरी समोरून येईल, कारण आयनर कधी ना कधी खिसा चाचपणारच. ते कुणीतरी लव्हॉन असणार, हे तिने ठरवून टाकलं होतं. काय बोलायचं तेही ठरलं होतं. आधी फार नाही बोलायचं. लव्हॉनला बोलू द्यायचं.

झाडीतून नारिंगी बंडी दिसली. मागोमाग टकटक ऐकू आली.

पॉलेट एकटीच होती. गाल लालबुंद, टोपी मागे सरकलेली.

“ही घे तुझी किल्ली,” ती धापा टाकत म्हणाली. “म्हणजे तुझी नाही, आयनरची. तुझी तुझ्याकडेच आहे. देवा, हे असलं गणित कुणाच्या डोक्यातून निघालं?”

“आयनरच्या,” आर्लिस म्हणाली. मग राहवेना म्हणून विचारलं, “लव्हॉन का नाही आली?”

“तिला शेवटचा मैल सुरू होतो त्या पुलापाशी बसवलंय. आयनर कॉफी करतोय. आयनर म्हणत होता एकटी जाऊ नकोस. मी निघाले.” तिने काठ्या बर्फात रोवल्या. “आर्लिस, तुला एक विचारायचंय. तुम्ही लोक गेल्यावर माझ्याकडे एक सँडविच उरलं होतं. आयनरला म्हटलं, घेतोस? तो म्हणाला, नको. मी खाल्लं. त्याचं तोंड असं झालं, जणू मी त्याचं कुत्रं खाल्लं. लव्हॉन हसून हसून खडकावरून पडायची राहिली. मग तिने मला सांगितलं तुमचं ते तीन वेळांचं.”

वाऱ्याने एका फांदीवरचं बर्फ खाली आलं.

“इथे येऊन दीड वर्ष झालं मला,” पॉलेट म्हणाली. “कुणी सांगायला नको? किती लोकांची जेवणं खाल्ली असतील मी. आणि मग चालता चालता मला ती गाडी आठवली. सप्टेंबरातली.”

“ते काही नाही गं,” आर्लिस म्हणाली.

“तुला जायचं होतं.”

“काहीतरीच काय. तू जा. तुमचं ठरलंय.”

वाट तिथे एका माणसापुरतीच होती. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला उतार. दोघींच्या हातात एकेक किल्ली. किल्ल्या बदलून दोघी आपापल्या वाटेने उलट फिरल्या असत्या, तर पॉलेट पुलाशी लव्हॉनकडे जाणार होती आणि आर्लिस डेलच्या शेकोटीकडे. आणि किल्ल्या न बदलता एकमेकींना ओलांडून सरळ गेल्या असत्या तरी दोन्ही गाड्या उघडणारच होत्या. हे दोघींनाही एकदमच दिसलं असावं, कारण दोघी एकमेकींच्या हाताकडे बघत होत्या.

“मी अशीच पुढे जाते डेलकडे,” पॉलेट म्हणाली. “तू लव्हॉनकडे जा.”

“नको, उगाच कशाला. तुझी चाल भराभर आहे. मी गेले तर ती ताटकळेल.”

पॉलेटने नाक ओढलं. “हे दुसऱ्यांदा झालं ना? की पहिलं धरायचं नाही? आर्लिस, मला फार थंडी वाजतेय. मी तिसऱ्यांदा विचारते. तू जातेस का? याच्यापुढे काय करायचं असतं ते लव्हॉनने सांगितलेलं नाही.”

आर्लिसला तो मैल हवा होता. इतका हवा होता, की दाढा आवळल्या होत्या. आणि तो या बाईच्या हातून नको होता. लव्हॉनने दिलेला हवा होता, पुन्हा विचारून, आग्रह करून, आरशातून बघत. हिने दिला म्हणजे तो हिचा झाला. आता हिचा चांगुलपणा जन्मभर ऐकायचा. बघ गं, पॉलेटने कसा आपला मान सोडला. वड्यांसारखा ताटातून फिरेल तो चांगुलपणा.

“जाते,” ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला, की पॉलेटने कान पुढे केला, आणि तिला ते पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं.

त्या अरुंद जागी एकमेकींना ओलांडायला दोघींना एकमेकींचे दंड धरावे लागले. पॉलेटच्या अंगाला संत्र्याच्या सालीचा वास होता. छान होता, हेही आर्लिसला आवडलं नाही. पाच-सहा पावलं गेल्यावर पॉलेट मागून ओरडली, की लव्हॉन दिवसभर तुझ्याबद्दलच बोलते, आर्लिस असं करते, आर्लिस तसं करते, कान किटले माझे. आर्लिसने वळून न बघता हात वर केला. हे खरं असेल किंवा चांगुलपणाचाच पुढचा हप्ता असेल. कुठलंही असलं तरी ते तिने पुलापर्यंत जपून नेलं.

पूल दिसेस्तोवर खुबा ठणकायला लागला होता. आयनर आणि बाकीचे स्टोव्हभोवती पाय आपटत होते. लव्हॉन पुलाच्या कडेला बसली होती. तिने आर्लिसला पाहिलं आणि आधी तिच्या मागे बघितलं. अगदी पापणी लवेपर्यंत, पण बघितलं.

“पॉलेट?”

“पुढे गेली. डेलकडे किल्ली घेऊन.” आर्लिसने कपाळ पुसलं. “मी चालेन का?”

लव्हॉन उठली. काठ्या घेतल्या आणि चालू लागली. बाकीचे रिवाजाप्रमाणे मागे थांबले. पुलापलीकडे वाट ओढ्याच्या कडेने जात होती, अल्डरच्या झुडपांतून, पुन्हा एका माणसापुरतीच. लव्हॉन पुढे, आर्लिस मागे. नेहमीसारखी.

मग लव्हॉन मागे न बघता बोलायला लागली. तू छे म्हणालीस तेव्हा मी पुन्हा विचारणार होते, म्हणाली. तोंड उघडलंही होतं.

“मला माहीतेय,” आर्लिस म्हणाली. “तिने मध्येच—”

“तिने मध्येच नाही.” लव्हॉन थांबली. “मला वेळ होता. मी विचारलं नाही. तीस वर्षं तुला तीनतीनदा विचारतेय मी, आर्लिस. जेवायला ये, तीनदा. गाडीत बस, तीनदा. हेन्रिक गेला त्या रात्री माझ्याकडे झोपायला ये म्हणून तीनदा विचारलं मी तुला, आणि दारात उभी होतीस उशी घेऊन. उशी घेऊन आली होतीस, तरी तीनदा. ती बाई पहिल्या झटक्यात हो म्हणाली. मला इतकं हलकं वाटलं, तुला काय सांगू.”

आर्लिसला यावर बोलण्यासारखं बरंच काही सुचलं, आणि त्यातलं एकही खरं नव्हतं. पॉलेटने आपली जागा घेतली होती, गाडी घेतली होती, गुडघ्यावरचा हात घेतला होता, असा हिशेब तिने महिनोन्‌महिने मांडला होता. त्यात हे नव्हतं. लव्हॉनला कुणीतरी हलकं केलं होतं, आणि ती आपण नव्हतो. याचा हेवा आधीच्या सगळ्या हेव्यांपेक्षा वाईट होता, कारण यात पॉलेटचा दोष काढता येत नव्हता.

“मी उशी आणली होती,” ती शेवटी म्हणाली.

“आणली होतीस,” लव्हॉन म्हणाली. “म्हणून तर विचारत राहिले.”

पुढे उतारावर ओढ्याचं पाणी वाटेवर येऊन गोठलं होतं. काटे लावूनही लव्हॉनचा पाय सटकला. तिने काठी सोडून मागे हात फेकला, आणि आर्लिसची बाही तिच्या मुठीत आली. सावरल्यावरही तिने ती सोडली नाही. तशीच, बाही धरून, पुढे चालायला लागली. आता वाट एका माणसापुरती आणि माणसं दोन. लव्हॉन वाटेवरून चालत होती, तेव्हा आर्लिसला शेजारून चालणं भाग होतं, म्हणजे झुडपांतून. फांद्या तोंडावर येत होत्या, मानेत बर्फ पडत होतं, आणि डावा पाय ओढ्याच्या कडेला पातळ बर्फ फोडून घोट्यापर्यंत पाण्यात जात होता.

झाडी संपली आणि समोर सरोवर उघडं पडलं. ढगांखाली एक पिवळी फट पेटली होती, आणि पलीकडे रस्त्यावर व्हॅनचा टप दिसत होता. लव्हॉन डोळे बारीक करून बघत राहिली.

“पॉलेटला हे फार आवडलं असतं,” ती म्हणाली.

“हो,” आर्लिस म्हणाली. बुटात पाणी शिरलं होतं. तिने पाण्यातला पाय काही वर घेतला नाही.